दोन फोनांचे दामूभाऊ

दामूभाऊंच्या सगळ्या शर्टांना छातीवर दोन खिसे असत. तयार शर्ट ते घेत नसत, कारण तयार शर्टाला हल्ली एकच खिसा येतो आणि तोही नावाला. तुळिंजला त्यांचा एक जुना शिंपी होता, त्याच्याकडे कापड देऊन ते शिवून घेत. डाव्या खिशात अँड्रॉइड आणि उजव्यात आयफोन. बिल्डिंगमधली कॉलेजची पोरं त्यांना मागून 'ड्युअल सिम' म्हणत. दामूभाऊंना ते ठाऊक होतं. एकदा जिन्यात त्या पोरांना थांबवून त्यांनी शांतपणे समजावलं होतं की ड्युअल सिम म्हणजे एका फोनात दोन कार्डं. आपल्याकडे आहेत त्या दोन वेगळ्या सिस्टिम, तेव्हा नाव ठेवायचंच तर बरोबर ठेवा. त्यानंतर पोरांनी चिडवायचं सोडून दिलं, कारण त्यात काही मजा राहिली नाही.

वसईजवळ उमेळ्यात आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन दामूभाऊंच्या वडलांची. केळी, पानवेली, थोडी फुलझाडं अशी वाडी होती. आता पार्किंग आहे तिथे बावखल होतं, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं तळं. बिल्डरने ते भरून टाकलं. पावसाळ्यात अजूनही तिथे पाणी साचतं, आणि गाड्यांचे मालक हळहळायला लागले की दामूभाऊ विजार दुमडून मध्ये उभे राहत आणि सांगत, "मी बिल्डरला लेखी कळवलं होतं." भावांनी वाटणी मागितली म्हणून वाडी गेली, आणि यांच्या वाट्याला तळमजल्यावरचा फ्लॅट आला. मी मुंबईतली भाड्याची जागा सोडून दुसऱ्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा गृहस्थ माझ्या दारात येऊन उभा राहिला. माझ्या नव्या फ्रिजकडे बघून त्यांनी विचारलं, हा घेण्याआधी दुसरे कुठले दोन बघितले होते? एकही नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. ओळख ना पाळख, हा माणूस माझ्या फ्रिजचं सुतक धरतोय, याचा मला चांगलाच राग आला होता.

पुढे कळलं की हे नोकरीतून लागलेलं दुखणं आहे. वसईच्या एका कारखान्यात ते परचेस खात्यात होते. खिळा घ्यायचा असो की बॉयलर, आधी तीन कोटेशनं मागवायची, ती शेजारीशेजारी मांडून कंपॅरेटिव्ह करायचं, त्यावर साहेबाची सही घ्यायची आणि मगच ऑर्डर काढायची. जन्मभर हेच केलं. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण कंपॅरेटिव्ह सुटलं नाही. भाजीवाल्या तिघी, चहाची पावडर तीन दुकानांची, गणपती आणायचा तर तीन कारखाने पालथे घालून. त्यांची बायको शकूवहिनी गोऱ्या, ठेंगण्या आणि जिभेला धार असलेल्या. त्या म्हणायच्या, "मना बघायला आले तवा आधी दोघी बघून झाल्या होत्या. मी तिसरं कोटेशन." यावर दामूभाऊ नुसते खूश दिसत.

मोबाइलच्या बाबतीत मात्र त्यांची पंचाईत झाली होती. बाजारात कंपन्या छप्पन्न, पण फोनच्या आतली सिस्टिम बघायला गेलं तर दोनच. तिसरं कोटेशन नाही. ही गोष्ट त्यांना मनापासून खुपत असे. साहेबांनी असली फाइल तोंडावर फेकली असती, असं ते म्हणत. त्यांचा स्वतःचा फोन अँड्रॉइड होता. मुलगी मेघना पुण्याला असते, तिने नवा फोन घेतल्यावर आपला आयफोन वडलांना दिला आणि तेव्हापासून दोन्ही खिसे भरले.

मला फोन घ्यायचा होता तेव्हा त्यांनी ओळीने काही रविवार माझी शिकवणी घेतली. बॅटरी, कॅमेरा हे विषय त्यांच्या लेखी पोरकट. ते सांगत, कुठला फोन कुणाला काय विचारून देतो ते बघा, काय लपवतो ते बघा, बिघडला तर कुणाकडे जावं लागतं ते बघा. मी कंटाळले आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण एका रविवारी त्यांनी सगळं खिडकीबाहेर बोट दाखवून सांगितलं.

"ताई, अँड्रॉइड म्हनजे आमची वाडी. कुठून पन शिरा, कुठून पन भायेर पडा, पायजे ते झाड लावा. पन गुरं पन शिरतात. आयफोन म्हनजे ही आपली सोसायटी. गेटवर वॉचमन, नाव लिहा, कोनाकडे जायचं ते सांगा. चोर येनार नाय. पन भिंतीत खिळा मारायचा तरी कमिटीला विचारा."

मग यातलं चांगलं कुठलं, असं मी विचारलं. त्यांनी दोन्ही खिशांवर हात ठेवले आणि कंपॅरेटिव्ह अजून चालू आहे म्हणून सांगितलं. मी शेवटी दुकानात जाऊन जो दिसला तो घेतला आणि आठवडाभर त्यांच्यापासून लपवून ठेवला.

हा सगळा खटाटोप कशासाठी चालला होता ते मला उशिरा कळलं. शकूवहिनींना काचबिंदू होता. वर्षं गेली तशी नजर कडेकडेने आत सरकत गेली आणि मी त्यांना ओळखायला लागले तोवर फक्त उजेड-अंधार कळण्याइतकी उरली होती. दोन्ही फोनांत आंधळ्या माणसासाठी पडदा वाचून दाखवायची सोय असते, हे दामूभाऊंनी शोधून काढलं होतं. त्यांना ठरवायचं होतं की वहिनींसाठी कुठला घ्यावा. एके दिवशी त्यांनी वहिनींना जेवणाच्या टेबलाशी बसवलं, दोन्ही फोन पुढ्यात ठेवले आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं.

वहिनींनी आधी अँड्रॉइडवर बोट फिरवलं. फोनातली बाई बोलायला लागली. बटण, निवडण्यासाठी दोनदा टॅप करा. बटण, निवडण्यासाठी दोनदा टॅप करा. मग आयफोन झाला, त्याच्यातलीही बाईच. अखेर वहिनींच्या बहिणीचा निरोप सापडला. तो असा वाचला गेला: शुभ सकाळ, हात जोडलेले, हात जोडलेले, हात जोडलेले, सूर्यफूल, हात जोडलेले.

"एवढे हात कशाला जोडते ती?" वहिनी म्हणाल्या. "मी काय केलं तिला?"

मी हसले. दामूभाऊ हसले नाहीत, ते मान खाली घालून दोन्हींमधला फरक टिपत होते. वहिनींनी दोन्ही फोन हाताने बाजूला सारले आणि म्हणाल्या, "तुमीच वाचा." मग दामूभाऊंनी तो निरोप वाचला. जोडलेले हात गाळले, सूर्यफूल मात्र ठेवलं.

त्या घरात सगळं असंच चाले. दामूभाऊंचा आवाज वाडीत मोठा झालेला, या टोकाच्या माणसाला त्या टोकाहून हाक मारायची सवय असलेला. सकाळी पेपर ते मोठ्याने वाचत, तो मला वर स्वयंपाकघरात ऐकू येई, त्यामुळे मी स्वतःचा पेपर बंद केला होता. नंतर खिडकीत उभे राहून बाहेर काय काय दिसतं ते वहिनींना सांगत, आणि तेही तुलना करूनच. समोरची बिल्डिंग मागच्या महिन्यापेक्षा एक मजला वर गेली. टँकर आला, पण मागच्या वेळचा ड्रायव्हर नाही. पाचूबंदरची कोळीण आली, आज टोपली हलकी दिसते. वहिनी लसूण सोलता सोलता ऐकत आणि मध्येच उलट विचारत. नवराबायकोचं एवढं सलग बोलणं मी दुसऱ्या कुठल्या घरात ऐकलं नाही. मात्र त्यांनी वहिनींना कधी नावाने हाक मारली नाही. त्यांच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. नुसतं "अगो" म्हणायचे, आणि त्या "अगो"चे दहा प्रकार होते. भूक लागली तो वेगळा, चष्मा सापडत नाही तो वेगळा.

मग तो आवाज बसला. पहिल्यांदा आम्हाला सर्दी वाटली. मग गणपतीत आरत्या ओरडल्यामुळे असेल असं वाटलं. पेपर वाचताना ते मध्ये मध्ये थांबायला लागले. दिवाळी होऊन गेली तरी घसा सुटेना तेव्हा मेघना पुण्याहून आली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला भोक पडेल, श्वास तिथूनच घ्यायचा आणि बोलणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. दामूभाऊ आणखी दोघांकडे जाऊन आले. परत आले ते पार्किंगमध्येच मला भेटले. मी विचारायच्या आत त्यांनी घोगऱ्या आवाजात सांगितलं, "तिन्ही कोटेशनं सारखी आली, ताई. असं कधी झालं नव्हतं." मी त्यांच्या हातातली औषधांची पिशवी घेतली आणि दारापर्यंत बरोबर गेले.

खरी अडचण काय होती ती लगेच सगळ्यांच्या लक्षात आली. मुक्या माणसाला लिहून बोलता येतं. पण इथे लिहिलेलं वाचणार कोण? दामूभाऊंचा आवाज गेला की त्या दोघांमध्ये मग काहीच राहत नव्हतं. वहिनी अंधारात आणि हे गप्प, एकाच खोलीत. मेघना तेव्हा स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडली. तिला पुण्याची नोकरी सोडता येत नव्हती आणि आईवडलांना तिकडे नेलं तर आईला नव्या घरात भिंती शोधण्यापासून सुरुवात करावी लागली असती.

दामूभाऊंनी रडण्यात वेळ घालवला नाही. त्यांच्यापाशी दोन फोन होते. आयफोनात त्यांना अशी सोय सापडली की माणसाने ठरावीक वाक्यं वाचून दाखवली की फोन त्याचा आवाज शिकतो, आणि मग आपण टाइप केलेलं त्याच्याच आवाजात बोलतो. दिवसभर बसून त्यांनी ती इंग्रजी वाक्यं घसा खाकरत, परचेसच्या इंग्रजीत वाचली. फोनने आवाज तयार केला. पण तो इंग्रजीच बोलत होता, मराठी त्याला येत नव्हतं. दामूभाऊंनी मग इंग्रजी अक्षरांत 'जेवलीस काय' असं लिहून बघितलं. फोनातून जे आलं ते दामूभाऊंच्याच गळ्यातून एखाद्या गोऱ्या साहेबाने बोलावं तसं होतं. वहिनी आतून म्हणाल्या, "कोन पडलं काय?" ते ऐकून त्यांनी ती सोय बंद केली. आयफोनच्या खात्यात एक फुली पडली.

मग मेघनाने साधा उपाय सांगितला. रोज लागणारी वाक्यं आताच बोलून फोनात साठवून ठेवायची आणि नंतर बोट लावून वाजवायची. कुठली वाक्यं ठेवायची ते त्यांनी मला जिन्यात सांगितलं होतं. जेवलीस काय. गोळी घेतली काय. दार लाव. मी खाली जाऊन येतो. कोन आलंय ते. आणि 'मी हितंच हाय', हे पाहिजेच. हे सांगताना त्यांनी भिंतीला हात टेकला होता, कारण चार वाक्यं बोलली तरी दम लागायला लागला होता. मी म्हटलं, भाऊ, आत्ताच बोलून टाका. ते म्हणाले, आधी कुठल्या फोनवर आवाज चांगला येतो ते बघू.

इथे मला त्यांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. ऑपरेशनला दिवस होते हे खरं. पण त्या दिवसांत त्यांनी काय केलं? फोन खिडकीत ठेवून, कपाटात ठेवून, पंखा लावून, पंखा बंद करून, तोंडाजवळ धरून, हातभर लांब धरून, दोन्ही फोनांवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलून बघितलं. मी खाली गेले की मला दोन्ही ऐकवून विचारत, हा भरीव वाटतो की तो? मला दोन्ही सारखेच वाटत. तो आवाज दिवसागणिक खंगत होता, तेवढं मात्र मला कळत होतं. एकदा मी सरळ भांडले. म्हटलं, कुठल्याही फोनवर बोला हो, पण बोला एकदाचे.

"ताई," ते हळू म्हणाले, "याला रिपीट ऑर्डर नाय. एकदाच मिळनार. मग माल चांगल्यातला चांगला नको काय?"

ज्या माणसाने आयुष्यात कंपॅरेटिव्ह पुरं झाल्याशिवाय पेन्सिल घेतली नाही, त्याने आपला आवाज तरी कसा उरकून टाकावा? मी घरी जाऊन भांडी जोरात घासली. दुसऱ्या दिवशी इस्पितळातून फोन आला. एक जागा मोकळी झाली होती, उद्या ऑपरेशन करू, आजच या, असं म्हणाले. दामूभाऊ दोन जोडी कपडे आणि दोन्ही फोन घेऊन गेले. जाताना वहिनींना काय म्हणाले ते मला माहीत नाही, दार लोटलेलं होतं.

ते इस्पितळात होते तेव्हा मेघनाने दोन्ही फोन घरी आणले आणि ती रेकॉर्डिंगं उघडली. आम्ही तिघी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. बाबांनी बोलून ठेवलंय, ऐक, असं तिने आईला सांगितलं आणि पहिलं लावलं. 'हा आयफोन. पंखा चालू आहे. एक, दोन, तीन, चार. आज मंगळवार. बाहेर ऊन आहे.' दुसरं लावलं. 'हा अँड्रॉइड. पंखा चालू आहे. एक, दोन, तीन, चार. आज मंगळवार. बाहेर ऊन आहे.' तिने घाईघाईने पुढची लावली. पंखा बंद, कपाट उघडं, कपाट बंद. सगळीकडे मंगळवार आणि ऊन. कामाची वाक्यं एकाही फोनात नव्हती. त्यातून रेकॉर्डिंग म्हणून ते कारखान्यात बोलायचे तसे बोलले होते, शुद्ध आणि ताठ. वहिनी मांडीवर हात ठेवून सगळं ऐकत होत्या. शेवटचं संपल्यावर त्यांनी थोडी वाट बघितली, मग विचारलं, "एवढंच?" मेघना उठून गॅलरीत गेली. वहिनींनी पुन्हा कधी ते लावायला सांगितलं नाही.

दामूभाऊ घरी आले ते निम्मे होऊन. गळ्यावर भोक आणि त्यावर जाळीचं फडकं. घरात शिरले आणि उंबऱ्यातच थांबले. वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या. यांना हाक मारता येईना आणि त्यांना दिसेना. अखेर यांनी टाळी वाजवली. वहिनी चाचपडत पुढे आल्या, यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवत गळ्यापाशी पोचल्या, तिथे वारा लागला तशी त्यांनी बोटं झटकन मागे घेतली. मी मागे पिशव्या घेऊन उभी होते. मला वाटलं आपण इथे असायला नको होतं.

उरलं ते एकच. टाइप केलेलं मराठी फोनातल्या तयार आवाजात बोलवून घ्यायचं. त्यांच्या आयफोनात मराठी बोलणारी बाई होती, पुरुष नव्हता. अँड्रॉइडमध्ये पुरुषाचा आवाज मिळत होता. एवढ्या वर्षांचं कंपॅरेटिव्ह या एका मुद्द्यावर निकालात निघालं. दामूभाऊंनी आयफोन कपाटात ठेवला आणि अँड्रॉइड दोरी बांधून गळ्यात अडकवला.

पण त्या आवाजाला वहिनी बधेनात. एखाद्या बँकेतला माणूस बोलावा तसा तो आवाज, कुठल्याच गावचा नसलेला. दामूभाऊंनी पहिल्यांदा 'अगो' लिहून बघितलं. मशीनने ते असं सपाट म्हटलं की वहिनींना ती आपल्याला मारलेली हाक आहे हे कळलंच नाही. दहा प्रकारचा अगो मशीन कुठून आणणार? मग त्यांनी, बहुधा खूप विचार करून, वहिनींचं नाव लिहिलं. वहिनी हातातलं भांडं टाकून माझ्याकडे वर आल्या, एकट्या, कठड्याला धरून.

"मना नावाने हाक मारतो तो," त्या म्हणाल्या. "ह्यांनी कधी मारली नाय. परका मानूस घरात माझं नाव घेतो, मी कशी ओ देऊ?"

मी त्यांना पाणी दिलं, तो परका नाही, भाऊच आहेत, असं पाच-सहा वेळा सांगितलं. त्या मान डोलवत राहिल्या. खाली न्यायला दामूभाऊ आले तेव्हा ते दारात नुसते उभे राहिले. फोन गळ्यात होता, पण त्याला हात लावला नाही. टाळी वाजवून त्यांना घेऊन गेले.

माणूस कशालाही सरावतो म्हणतात. वहिनीही सरावल्या. काही महिन्यांनी मी गेले तर त्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. हे टाइप करत, फोन बोले, त्या उत्तर देत. मला हायसं वाटलं, आणि मग एक गोष्ट दिसली. वहिनी आवाजाच्या दिशेने तोंड करून बोलत. फोन टेबलावर असला की टेबलाशी बोलत आणि दामूभाऊ शेजारच्या खुर्चीत असले तरी त्यांच्याकडे त्यांची पाठ असे. फोन गळ्यात का अडकवला होता तेही तेव्हा उमगलं. आवाज आपल्या गळ्यापासून यावा, म्हणजे ती आपल्याकडे तोंड करील. दोरीचा वळ पडला होता मानेवर. तरी चार्जिंगपुरता सोडला तर ते फोन काढत नसत. पेपरही आता टाइप करून वाचत, मथळे तेवढे. बाहेरच्या बिल्डिंगा, टँकर, कोळीण, सगळं पुन्हा सांगू लागले होते, पण तुटक तुटक. तुलना गाळून टाकली होती, बोटं दुखत.

पुढच्या थंडीत दुखणं परतलं, या वेळी फुप्फुसात. या खेपेला त्यांनी कोटेशनं मागवली नाहीत. पलंग हॉलमध्ये आणला, भिंतीला लावून. हातावर सूज आली, बोटं अक्षरांवर टिकेनात. एक एक शब्द लिहायला इतका वेळ लागे की वहिनी मध्येच तिसरंच काहीतरी विचारत. मग सगळंच उलटसुलट होई. दोरीचा भार गळ्याला सोसवेना म्हणून मेघनाने फोन काढून जेवणाच्या टेबलावर, चार्जिंगला, स्टँडमध्ये उभा करून ठेवला. लागेल तेव्हा खुणेने मागा, असं वडलांना सांगितलं. मागायला त्यांच्याजवळ टाळीसुद्धा राहिली नव्हती.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते दुपारी, जेवणं झाल्यावर. मेघना औषधं आणायला गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं म्हणून मी न वाजवता आत गेले. वहिनी टेबलाशी बसून लसूण सोलत होत्या. तोंड फोनकडे. त्यांच्या मागे पलंगावर दामूभाऊ उशाला टेकून जागे होते. वहिनी फोनला सकाळपासूनचं सांगत होत्या. बाहेर काय काय ऐकू आलं ते एकेक करून, आधी हे सांगायचे तसंच. कोळीण आली होती, बोंबील घेतले, कालच्यापेक्षा लहान वाटले हाताला. टँकरचा आवाज आला, आज उशिरा आला. समोर ठोकाठोक बंद आहे, मजला पुरा झाला असेल. प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबत होत्या, कान देत होत्या. फोन काही बोलत नव्हता. मग पुढचं वाक्य.

वहिनी, ते इकडे आहेत, तुमच्या मागे, असं मी म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. दामूभाऊंनी सुजलेला हात मोठ्या कष्टाने उचलला आणि एक बोट ओठांवर ठेवलं. मग तेच बोट त्यांनी खुर्चीकडे दाखवलं. मी चपला हातात घेऊन, आवाज न करता खुर्चीत बसले.

वहिनी सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकत राहिल्या. मध्येच हात थांबवून, फोनकडे जरा पुढे वाकून म्हणाल्या, "आज बोलत नाय तुमी. राहू दे, दमलात. मीच बोलते. ऐकताव ना?"

पलंगावरून दामूभाऊंनी मान हलवली.